युकी कावाउची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅरेथॉनचं वेड असलेल्या मंडळींच्या गप्पांत केनिया-इथिओपियाच्या धावपटूंखालोखाल एका जपानी माणसाचं नाव हमखास निघतं. त्याच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सगळ्या वेळा तास:मिनिटं:सेकंद अशा लिहिल्या आहेत.

हा युकी कावाउची नेमका कोण?

जपानचा मॅरेथॉन धावपटू. जन्म ५ मार्च १९८७ चा, टोकियोतला. वाढला मात्र शेजारच्या साइतामा प्रांतात. २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन त्याने जिंकली. २०१४ च्या इंचॉन एशियाडमध्ये ब्राँझ मिळवलं. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तो जपानकडून चार वेळा उतरला: देगू २०११, मॉस्को २०१३, लंडन २०१७ आणि दोहा २०१९.

एवढ्यावर तो प्रसिद्ध झाला असता, लाडका झाला नसता. यातली बहुतेक कमाई त्याने पूर्णवेळ सरकारी नोकरी करता करता केली, आणि जपानमधल्या दर्जेदार धावपटूंच्या ठरलेल्या वाटेला न जाता केली. शिवाय २ तास २० मिनिटांच्या (२:२०) आत त्याने शंभराहून जास्त मॅरेथॉन पूर्ण केल्या आहेत. २:२० म्हणजे किलोमीटरला साधारण ३ मिनिटं १९ सेकंदांचा पेस, सलग ४२.१९५ किलोमीटर. या पेसने एकच किलोमीटर पळून बघा, मग शंभराचा अर्थ कळेल.

सरकारी नोकरी म्हणजे कसली? नावापुरती?

अजिबात नाही. २००९ च्या एप्रिलमध्ये तो साइतामा प्रांताच्या सेवेत लागला आणि कासुकाबे इथल्या एका सरकारी हायस्कूलच्या ऑफिसात रुजू झाला. पद कारकुनाचं. काम कागदपत्रांचं, हिशेबाचं, आल्यागेल्याला माहिती देण्याचं. शाळा संध्याकाळची, त्यामुळे ड्यूटी दुपारी पाऊण वाजता सुरू होऊन रात्री सव्वानऊला सुटायची. खेळाडूंच्या कोट्यातून मिळालेली, सही करून मैदानावर पळायची मुभा देणारी नोकरी ही नव्हे.

उलट ही वेळच त्याच्या पथ्यावर पडली. सकाळ मोकळी मिळायची. दिवसातून एकदाच, दीडदोन तास पळायचं आणि मग कामावर जायचं. महिन्याची बेरीज साधारण ६०० किलोमीटरच्या आसपास. जपानमधले त्याचे प्रतिस्पर्धी दिवसातून दोनदा पळून महिन्याला हजारापर्यंत आणि त्यापुढेही जायचे.

मग जपानमधले बाकीचे धावपटू पोट कसं भरतात?

तिथे कंपन्यांचे संघ असतात. कॉलेज संपलं की चांगल्या धावपटूला एखादी मोठी कंपनी नोकरीवर घेते. कागदोपत्री तो कर्मचारी. प्रत्यक्षात ऑफिसचं काम अर्धवेळ किंवा त्याहूनही कमी. राहायला संघाचं वसतिगृह, कोच, मसाज करणारे, उंचावरची शिबिरं असं सगळं कंपनी बघते. त्या बदल्यात धावपटूने कंपनीसाठी एकिदेन पळायचं. एकिदेन म्हणजे रस्त्यावरची लांब पल्ल्याची रिले: हातात बॅटन नाही, खांद्यावरून तिरकी घेतलेली कापडी पट्टी एकाने काढून पुढच्याला द्यायची. कंपन्यांची सर्वात मोठी एकिदेन १ जानेवारीला होते आणि अख्खा देश घरबसल्या टीव्हीवर ती बघतो.

आपल्याकडे रेल्वे, सैन्यदल, पोलीस खेळाडूंना नोकरी देतात, त्यामुळे ही व्यवस्था आपल्याला परकी वाटायला नको. कावाउची या व्यवस्थेच्या बाहेर राहिला. ना संघ, ना कोच, ना शिबिर.

शाळा-कॉलेजात तो मोठा स्टार होता का?

नव्हता. लहानपणी आई त्याला रोज बागेत घड्याळ लावून पळवायची, त्यामुळे पाया लवकर पक्का झाला. हायस्कूलमध्ये मात्र ट्रेनिंगचा अतिरेक झाला आणि दुखापतींनी पिच्छा पुरवला. नावाजलेल्या एकिदेन संघांच्या विद्यापीठांऐवजी तो टोकियोच्या गाकुशुइन विद्यापीठात गेला. हे विद्यापीठ राजघराण्यातल्या मुलांच्या शिक्षणासाठी ओळखलं जातं, पळण्यासाठी नाही. तिथे ट्रेनिंग बेताचं होतं. आठवड्यातून दोन दिवस जोराचं पळायचं, बाकीचे दिवस सावकाश. शरीर त्यातच सावरलं.

हाकोने एकिदेन त्याने दोनदा पळली, २००७ आणि २००९ मध्ये. १९२० पासून चालत आलेली ही विद्यापीठांची शर्यत २ आणि ३ जानेवारीला टोकियोहून हाकोनेच्या डोंगरापर्यंत जाते आणि परत येते. एकूण दहा टप्पे. गाकुशुइनचा संघ पात्र ठरणं शक्यच नव्हतं. पात्र न ठरलेल्या विद्यापीठांतले निवडक धावपटू घेऊन जो संघ बनतो, त्यातून तो उतरला. दोन्ही वेळा वाट्याला सहावा टप्पा आला, म्हणजे डोंगरावरून खाली सुसाट उतरण्याचा. दुसऱ्या वेळी त्या टप्प्यात तो तिसरा आला होता. तरीही पुढे जाऊन हा जपानचा सर्वात चर्चेतला मॅरेथॉनपटू होईल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

नाव कधी झालं?

२७ फेब्रुवारी २०११, टोकियो मॅरेथॉन. जागतिक अजिंक्यपदासाठी जपानची निवड या शर्यतीवरून होणार होती आणि कंपन्यांचे तगडे धावपटू तयारीने आले होते. त्या सगळ्यांना मागे टाकून शाळेतला हा कारकून २:०८:३७ वेळेत एकूण तिसरा आणि जपान्यांत पहिला आला. रेषा ओलांडल्यावर तो कोसळला आणि त्याला उचलून न्यावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांनी त्याला ‘सर्वात बलवान नागरिक धावपटू’ असं बिरुद चिकटवलं, ते कायमचं.

जपानी अ‍ॅथलेटिक्ससाठी ही गोष्ट अडचणीचीही होती. कंपन्या धावपटूंवर एवढा खर्च करतात, वसतिगृहं चालवतात, आणि निवड चाचणीत पुढे येतो कोण? रात्री सव्वानऊला ऑफिस बंद करून घरी जाणारा माणूस. हा सवाल लोकांनी उघडपणे विचारला. लोकप्रियतेचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

एवढ्या मॅरेथॉन का पळतो? शरीर झिजत नाही का?

नेहमीचा सल्ला असा की वर्षाला दोन मॅरेथॉन, फार तर तीन. कावाउची वर्षाला दहा-बारा पळतो, शिवाय हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) आणि छोट्या शर्यती वेगळ्याच. यामागे हौसेपेक्षा व्यवहार जास्त आहे. संघ नसल्यामुळे सोबतीला पळणारं कुणी नव्हतं. एकट्याने ३५-४० किलोमीटरचा कडक लाँग रन करायचा, तर त्यापेक्षा शर्यतीत का उतरू नये? तिथे रस्ता बंद असतो, पाणी मिळतं, ठरलेल्या वेगाने पुढे पळून वाट काढून देणारे पेसर असतात, आणि मागे लागलेला माणूस आपोआप वेग वाढवतो. म्हणून शर्यत हेच त्याचं मुख्य ट्रेनिंग. मधल्या आठवड्यात एक दिवस स्पीडवर्क, म्हणजे वेगाचा सराव, बाकी सावकाश जॉगिंग.

२०१३ हे वर्ष बघा. जानेवारीत इजिप्तमधल्या लक्सरला २:१२:२४, पहिला. फेब्रुवारीत बेप्पू-ओइता, २:०८:१५, पहिला, तोही स्पर्धाविक्रमासह. मार्चमध्ये सेऊलला २:०८:१४, चौथा. एप्रिलमध्ये नागानो जिंकली, जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातली गोल्ड कोस्ट २:१०:०१ वेळेत जिंकली. ऑगस्टमध्ये मॉस्कोची जागतिक स्पर्धा. १ डिसेंबरला फुकुओकामध्ये २:०९:०५, आणि बरोबर दोन आठवड्यांनी होफूला २:०९:१५. ही यादीसुद्धा पूर्ण नाही.

शेवटच्या दोन वेळा पुन्हा वाचा. २:१० च्या आतली मॅरेथॉन पळाल्यावर बहुतेक धावपटू दोन आठवड्यांनी जेमतेम जॉगिंगला लागतात.

२:२० च्या आतल्या सर्वाधिक मॅरेथॉनचा विक्रम आधी अमेरिकेच्या डग कर्टिसच्या नावावर होता, ७६ चा. २०१८ च्या सुरुवातीला कावाउचीने तो मागे टाकला.

बोस्टन २०१८ मध्ये नक्की काय झालं?

१६ एप्रिल २०१८. तापमान तीन-चार अंश, पाऊस कोसळतोय, आणि समोरून बोचरा वारा. बोस्टनचा मार्ग हॉपकिंटन गावातून निघून सरळ पूर्वेला शहराकडे जातो, त्यामुळे वारा समोरून असला की वळून सुटका नाही. प्रसिद्ध धावपटू एकेक करून शर्यत सोडत होते.

कावाउचीने सुरुवातच अशी केली की बघणाऱ्यांना तो वेडा वाटावा. उताराचा पहिला मैल ४ मिनिटं ३७ सेकंदांत. मग मागे आला, पुन्हा पुढे गेला, असं करत त्याने घोळक्याला एका लयीत पळूच दिलं नाही. पुढे केनियाच्या जेफ्री किरुईने जोर लावला आणि तो एकटाच निघून गेला. किरुई म्हणजे त्या स्पर्धेचा गतविजेता आणि २०१७ चा जगज्जेता. आठच महिन्यांपूर्वी लंडनमध्ये त्याने कावाउचीला जवळजवळ चार मिनिटांनी मागे टाकलं होतं.

पण थंडीने किरुईचे पाय गोठले. त्याचा वेग पडत गेला, कावाउचीचा टिकून राहिला. शेवटचे साधारण दोन किलोमीटर उरले असताना त्याने किरुईला गाठलं आणि मागे वळून न बघता पुढे गेला. विजयी वेळ २:१५:५८, किरुईची २:१८:२३. बोस्टनच्या विजेत्याची इतकी संथ वेळ १९७६ नंतर लागली नव्हती. त्या हवेत आकड्याला अर्थ नव्हता. शर्यतीनंतर त्याने सांगितलं की त्याच्यासाठी याहून चांगलं हवामान असूच शकत नव्हतं. ते त्याने विनोदाने म्हटलं नव्हतं.

बोस्टनला जपानी पुरुषांची जुनी परंपरा आहे. १९५१ मध्ये शिगेकी तानाका, १९५३ मध्ये केइझो यामादा, १९६६ मध्ये केंजी किमिहारा असे विजेते होऊन गेले. तोशिहिको सेको १९८१ आणि १९८७ मध्ये जिंकला, आणि त्यानंतर ३१ वर्षं एकही जपानी पुरुष तिथे पहिला आला नव्हता. कावाउचीचा जन्म १९८७ चाच.

हा निव्वळ नशिबाचा भाग नव्हता का?

हवामान त्याच्या बाजूने होतं, हे खरं. पण त्याच वर्षी १ जानेवारीला तो बोस्टनजवळच्या मार्शफील्ड गावी एक छोटीशी मॅरेथॉन पळायला गेला होता. पारा शून्याच्या कितीतरी खाली, मोजकेच लोक हजर, आणि त्याची वेळ २:१८:५९. बाकीचे जग नववर्षाच्या सकाळी पांघरुणात असताना ज्याने हे केलं, त्याला एप्रिलचा पाऊस काय घाबरवणार?

बक्षिसाचे पैसे त्याला घेता आले का?

बोस्टनच्या विजेत्याला दीड लाख डॉलर मिळतात. सरकारी नोकराला जपानमध्ये परवानगीशिवाय दुसरा धंदा करता येत नाही, त्यामुळे प्रायोजक आणि शर्यतीत नुसतं उतरण्याचं मानधन त्याने नोकरीच्या काळात घेतलं नाही. बक्षिसाची रक्कम मात्र चालायची. प्रवासखर्च कित्येकदा स्वतःचा. लक्सरला जाताना विमानतळावर पासपोर्टचा घोळ झाला, फ्लाइट चुकली, तेव्हा नवं महागडं तिकीट त्याने स्वतःच्या खिशातून काढलं, जाऊन पोचला आणि शर्यत जिंकून आला. जपानमध्ये हा किस्सा अजून सांगितला जातो.

एवढं सगळं जमत होतं, तर नोकरी का सोडली?

कारण घड्याळ अडकलं होतं. सेऊलच्या २:०८:१४ नंतर पाच वर्षं उलटली तरी पीबी (पर्सनल बेस्ट, म्हणजे स्वतःची सर्वोत्तम वेळ) सुधारला नव्हता. बोस्टनहून जपानला परतताच त्याने जाहीर केलं की एप्रिल २०१९ पासून तो व्यावसायिक धावपटू होणार. तसा झालाही, एका विमा कंपनीच्या प्रायोजकत्वासह.

बऱ्याच जणांना वाटलं, आता यातली गंमत गेली. ‘नागरिक धावपटू’ हे बिरुद गेलं तर उरलं काय? त्याचं उत्तर २८ फेब्रुवारी २०२१ ला जपानमधल्या बिवा सरोवराच्या काठच्या मॅरेथॉनमध्ये मिळालं. त्या शर्यतीत केन्गो सुझुकीने २:०४:५६ असा जपानचा राष्ट्रीय विक्रम केला, त्यामुळे सगळे मथळे तिकडे गेले. पण दहाव्या क्रमांकावर २:०७:२७ वेळेत कावाउची होता. जवळजवळ आठ वर्षांनी नवा पीबी, चौतिसावा वाढदिवस आठवड्यावर आलेला असताना. मला बोस्टनपेक्षा ही शर्यत जास्त मोलाची वाटते. तिथे वारा-पाऊस कुणाच्या मदतीला नव्हता.

ऑलिंपिकला कधीच गेला नाही?

नाही. लंडन २०१२ साठी सगळ्या जपानच्या नजरा त्याच्यावर होत्या. त्या वर्षीच्या टोकियो मॅरेथॉनमध्ये तो चौदावा आला, संधी गेली, आणि माफी मागण्याची जुनी रीत म्हणून त्याने डोकं तुळतुळीत केलं. रिओच्या वेळीही जमलं नाही. टोकियो ऑलिंपिकच्या निवड शर्यतीत उतरण्याऐवजी त्याने २०१९ ची दोहाची जागतिक स्पर्धा निवडली.

त्याचा कच्चा दुवा उकाडा आहे, आणि मोठ्या स्पर्धा भरतात उन्हाळ्यात. देगूत अठरावा, मॉस्कोतही अठरावा. मध्यरात्री सुरू होऊनही घामाने न्हाऊ घालणाऱ्या दोहात एकोणतिसावा. लंडन २०१७ मध्ये मात्र नववा आला. पहिल्या आठांना जपानमध्ये मोठा मान असतो, आणि तो मान अवघ्या ३ सेकंदांनी हुकला.

पॅरिसच्या निवडीची शर्यत १५ ऑक्टोबर २०२३ ला टोकियोत झाली. पाऊस पडत होता. ३६ वर्षांचा कावाउची बंदुकीच्या आवाजासरशी एकटा पुढे निघाला आणि जवळजवळ ३५ किलोमीटरपर्यंत एकटाच पुढे राहिला. मागच्यांनी गाठल्यावरही त्याने सोडलं नाही. नाओकी कोयामा २:०८:५७, अकिरा अकासाकी २:०९:०६, सुगुरु ओसाको २:०९:११, आणि कावाउची चौथा, २:०९:१८. पहिले तिघे पॅरिसला गेले. त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्यांना विचारा, आठवण कुणाची राहिली.

लोकांना तो एवढा का आवडतो?

चेहरा हे एक कारण. पळताना तो इतका वेडावाकडा होतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा आता पडणार. बाकीचे धावपटू वेदना लपवतात. हा सगळं तोंडावर दाखवतो आणि तरीही धावत राहतो.

दुसरं म्हणजे तो भेटतो. छोट्या गावांच्या शर्यतींना तो पाहुणा म्हणून जातो, पळतो, नंतर लोकांशी बोलतो. ऑफिस सुटल्यावर पळणाऱ्या लाखो जपान्यांना तो आपल्यातला वाटतो. इथे थोडं सावध राहायला हवं, कारण २:०८ पळणारा माणूस तुमच्याआमच्यातला नसतो. नोकरीचं वेळापत्रक आपल्यासारखं होतं, फुप्फुसं नाही.

टीकाही झाली. इतक्या शर्यती पळण्याऐवजी एकाच मोठ्या शर्यतीची तयारी केली असती तर २:०६ पळाला असता, असं म्हणणारे जाणकार जपानमध्ये होते. असेल तसंही. पण तो कावाउची नसता.

भारतीय धावपटूंच्या तुलनेत त्याची पातळी काय?

शिवनाथ सिंगने १९७८ मध्ये जालंधरला २:१२:०० वेळ दिली आणि तो भारतीय विक्रम चार दशकांहून जास्त काळ टिकला. कावाउचीने त्याहून चांगली वेळ कित्येकदा दिली आहे, काही वेळा एकाच वर्षात चार-पाचदा. लंडन २०१७ मध्ये आपला टी. गोपी त्याच शर्यतीत होता. तो अठ्ठाविसावा आला.

त्याचं ट्रेनिंग आपण उचलावं का?

शर्यतींची संख्या उचलू नका. हिवाळ्यात मुंबई, पुणे, सातारा अशा लागोपाठ शर्यती जीव तोडून पळून गुडघे धरून बसणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्याच्या पद्धतीतला कमी दिसणारा भाग उपयोगाचा आहे: आठवड्यात दोनच दिवस कष्टाचे, बाकीचे दिवस खरोखर सावकाश, आणि दिवसातून एकदाच पळणं. नोकरी सांभाळून पळणाऱ्याला हे परवडतं.

सूट घालून हाफ मॅरेथॉन पळाला, ही थाप आहे ना?

नाही. कुकी या स्वतःच्या गावाकडच्या हाफमध्ये २०१६ मध्ये तो कोट, पँट आणि टाय घालून उतरला आणि १:०६:४२ वेळेत आला. पुढे तिथेच पांडाचा पोशाखही घालून पळाला. पांडाच्या पोशाखात वेळ थोडी जास्त लागली.